निरोप पोचला असं कधी म्हणायचं?

रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याला लागलं की भाट्येचा पूल येतो. पुलाखालून काजळी नदी समुद्राकडे जाते. उत्तरेच्या काठावर राजिवडा, मच्छीमारांची जुनी वस्ती. दक्षिणेला भाट्येचा सरळ लांब किनारा, सुरूचं बन, झरी विनायकाचं देऊळ आणि १९५५ पासून चालत आलेलं नारळ संशोधन केंद्र. पर्यटकांचे डोळे किनाऱ्याकडे वळतात. नौकेवरच्या माणसाचे डोळे मात्र खाडीच्या मुखाकडे असतात, कारण तिथे वाळू आणि गाळ साचतो. भरतीचं पाणी असेल तर नौका सुखरूप आत येते. ओहोटीला तोच रस्ता उथळ होतो, आणि त्या उथळ जागी समुद्राची लाट उभी राहून फुटायला लागली की आत शिरणं जिवावरचं काम होतं.

परतणाऱ्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, तीन गोष्टी कळायला हव्यात: लाट किती, वारा किती आणि मुखाशी पाणी कधी चढणार. या तिन्ही गोष्टी आज कुणाला ना कुणाला आधीच माहीत असतात. लाटेचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. वाऱ्याचा आणि वादळाचा इशारा हवामान खात्याकडून येतो. भरती-ओहोटीचं वर्षभराचं कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो. दोन मीटरची लाट म्हणजे काही आकाशपाताळ एक करणारी घटना नव्हे. संध्याकाळी पाच वाजता ओहोटी असणं तर रोजच्या व्यवहारातलं. पण ती लाट आणि ती ओहोटी एकाच तासाला, एकाच मुखाशी आली की तिसरीच गोष्ट तयार होते, आणि ती तीनपैकी एकाही कार्यालयाच्या कागदावर लिहिलेली नसते.

विखुरलेल्या लहान घटनांमधून ही तिसरी, मोठी घटना ओळखण्याच्या संगणकशास्त्राला ‘इव्हेंट प्रोसेसिंग’ म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड लकम यांनी २००२ मध्ये ‘द पॉवर ऑफ इव्हेंट्स’ हे पुस्तक लिहून त्याची नीट मांडणी केली. नेहमीची डेटाबेस-पद्धत अशी असते की माहिती साठवून ठेवायची आणि माणसाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं. इथे उलट आहे. प्रश्न आधी लिहून ठेवलेला असतो आणि माहिती त्याच्या समोरून वाहत जाते. ‘गेल्या तीन तासांत लाट सतत वाढते आहे का, आणि पुढच्या दोन तासांत ओहोटी आहे का?’ हा प्रश्न एकदा नियम म्हणून भरला की प्रत्येक नवी नोंद त्या नियमाला घासून पुढे जाते. उत्तर ‘हो’ आलं त्या क्षणी इशारा निघतो. कुणी विचारायला येईपर्यंत थांबावं लागत नाही.

या क्षेत्राच्या उभारणीत एक मराठी नाव ठळक आहे. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे एमआयटीत शिकले आणि १९८०च्या दशकात टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्समध्ये त्यांनी एक कल्पना राबवली. संगणकाच्या आत वेगवेगळे भाग एका सामाईक ‘बस’वरून एकमेकांशी बोलतात, तर वेगवेगळी सॉफ्टवेअरही तशीच का बोलू नयेत? वॉल स्ट्रीटच्या व्यवहार-कक्षांत ही कल्पना रुजली, आणि १९९७ मध्ये त्यातूनच टिबको कंपनी उभी राहिली. टिबकोचं ‘बिझनेसइव्हेंट्स’ हे पुढे या प्रकारच्या नामवंत प्रणालींपैकी एक झालं. शेअरचा भाव एक क्षण आधी कळावा म्हणून जी यंत्रणा वाढली, तिचाच उपयोग पुढे वीज, दूरसंचार, विमानतळ अशा ठिकाणी होऊ लागला. माझ्या मते खाडीच्या मुखाइतकी तिची गरज क्वचितच कुठे असेल.

२००९ च्या ११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कितीतरी नौका समुद्रात होत्या. त्यांतले अनेक खलाशी परतले नाहीत. हवामानाची माहिती असणं आणि ती नौकेवरच्या माणसापर्यंत वेळेत पोचणं यात किती अंतर असतं, ते कोकणाने त्या दिवशी पाहिलं. २०१७ मध्ये ओखी वादळाने केरळ आणि तामिळनाडूच्या मच्छीमारांना तेच दाखवलं. त्यानंतर २०१९ मध्ये गगन उपग्रह-प्रणालीवरून खोल समुद्रात इशारे पोचवणारं ‘जेमिनी’ हे उपकरण आलं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन रुतलं. इशाऱ्यांची साखळी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. पण साखळी जितकी लांब, तितके तिचे सांधे जास्त. हे सांधे कसे बसवायचे, हा या लेखाचा विषय आहे.

हैदराबादचा संगणक, मुंबईच्या हवामान कार्यालयाचा संगणक आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातला संगणक वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांत घडवलेले असतात. त्यांनी एकमेकांशी बोलायचं तर निरोपाचा साचा ठरलेला हवा. अशा साच्यांपैकी एक जुना आणि कडक साचा म्हणजे ‘सोप’. १९९८ च्या सुमाराला डेव्ह वायनर, डॉन बॉक्स आणि मायक्रोसॉफ्टमधल्या सहकाऱ्यांनी तो घडवला. त्याची १.१ ही आवृत्ती मे २००० मध्ये जाहीर झाली आणि १.२ ला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने जून २००३ मध्ये मान्यता दिली.

सोपचा निरोप एक्सएमएलमध्ये लिहिलेला असतो. बाहेर एक पाकीट, आत वरच्या बाजूला शीर्ष म्हणजे हेडर आणि खाली मजकूर म्हणजे बॉडी. रजिस्टर पोस्टासारखंच आहे हे: पाठवणारा कोण, कुणाच्या सहीचं, पोच हवी की नको हे वर, आणि पत्र आत. हेडरमधल्या एखाद्या ओळीवर ‘मस्ट अंडरस्टँड’ अशी खूण करता येते. म्हणजे ही ओळ ज्याला कळत नाही त्याने पाकीट स्वीकारूच नये, अंदाजाने पुढे जाऊ नये, स्पष्ट नकार कळवावा. मला ही खूण सोपमधली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. अर्धवट समजून घेतलेला इशारा न मिळालेल्या इशाऱ्याहून वाईट ठरू शकतो, कारण न मिळालेल्याची निदान चौकशी तरी होते.

आज नव्या कामासाठी बहुतेक जण ‘रेस्ट’ नावाच्या हलक्याफुलक्या पद्धतीकडे जातात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण सरकारी, बँकांच्या आणि दूरसंचाराच्या यंत्रणांत सोप अजून पाय रोवून आहे. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यातून एसएमएस पाठवण्यासाठी बांधलेली पार्ले-एक्स ही प्रमाणित सेवा सोपवरच होती. अमेरिकेत आपत्तीचे इशारे एका जागी गोळा करून पुढे पाठवणारी फेमा या सरकारी आपत्ती-संस्थेची आयपॉज यंत्रणा सोपनेच इशारे स्वीकारत आली आहे. त्या पाकिटाच्या आत इशाऱ्याचा जो मजकूर असतो त्याचाही साचा ठरलेला आहे. कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, थोडक्यात कॅप, असं त्याचं नाव. त्याची सध्याची १.२ ही आवृत्ती २०१० ची. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने उभारलेली ‘सचेत’ प्रणाली याच कॅपवर उभी आहे.

आता समजा, भाट्ये आणि राजिवड्यासाठी रत्नागिरीत एक लहान इव्हेंट-प्रणाली उभी करायची आहे. अशी प्रणाली तिथे आज आहे असं नव्हे. पण ती बसवायला घेतली तर काय काय ठरवावं लागेल ते पाहू. बाहेरून समुद्राचे आणि वाऱ्याचे निरोप सोपने आत येणार, आत नियम चालणार, आणि निघालेला इशारा पुन्हा सोपनेच संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेकडे जाणार.

सुरुवात एका करारपत्राने होते. त्याचं नाव डब्ल्यूएसडीएल. सेवा देणारा त्यात लिहून ठेवतो की माझ्याकडे अमुक क्रिया आहेत, त्यांना अमुक आकाराची माहिती लागते, उत्तर अमुक आकाराचं मिळेल आणि मी अमुक पत्त्यावर भेटेन. ही फाइल प्रणालीत आयात केली की पुष्कळसं काम आपोआप होतं. कुठल्या मार्गाने निरोप येणार तो चॅनल तयार होतो, त्या मार्गावर निरोप कुठे उतरणार ते ठिकाण तयार होतं, आणि प्रत्येक निरोपासाठी एक इव्हेंटचा प्रकार तयार होतो. बॉडीतला मजकूर त्या इव्हेंटचा गाभा बनतो, हेडरमधल्या ओळी त्याचे गुणधर्म बनतात.

आयात सोपी असल्यामुळेच तिच्यात एक धोका दडलेला असतो. डब्ल्यूएसडीएलमध्ये लिहिलेला पत्ता बहुतेकदा ज्याने ती फाइल बनवली त्याच्या चाचणीच्या संगणकाचा असतो. तो तसाच राहिला तर सगळं काही उत्तम चालल्यासारखं दिसतं, निरोप जातात, पोच येते, फक्त ते निरोप भलत्या दारात पडत असतात. म्हणून पत्ते, पोर्टचे क्रमांक, पासवर्ड कधीच नियमांच्या आत लिहू नयेत. ते बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये, चाचणीसाठी एक आणि प्रत्यक्ष कामासाठी एक असे ठेवावेत.

आवृत्तीची बाब थोडक्यात सांगून पुढे जातो. सोप १.१ आणि १.२ यांची पाकिटं वेगळ्या नेमस्पेसची असतात, एचटीटीपीच्या शीर्षात मजकुराचा प्रकारही वेगळा लिहावा लागतो, आणि १.१ ला ‘सोपॲक्शन’ नावाची जादा ओळ लागते. दोन टोकांना दोन आवृत्त्या असतील तर नकार येतो आणि कारणही स्पष्ट लिहून येतं. ते कारण वाचलं की अर्ध्या तासाचं काम. न वाचता सेटिंग फिरवत बसलं तर दिवस जातो.

खरा विचार करावा लागतो तो वाट पाहण्याबद्दल. सोपची नेहमीची रीत अशी की निरोप पाठवणारा फोन न ठेवता उत्तराची वाट पाहतो. इव्हेंट-प्रणालीचा स्वभाव याच्या नेमका उलट. तिला एक नोंद मिळते, मग दुसरी, आणि तिसरी आल्यावरच ती काही ठरवते. ती तिसरी नोंद कदाचित दोन तासांनी येईल. पाठवणाऱ्याला तोवर ताटकळत ठेवलं तर त्याचा संयम संपतो, तो जोडणी तोडतो आणि तोच निरोप पुन्हा पाठवतो. म्हणून आत येणाऱ्या सेवेची मांडणी अशी हवी: निरोप घ्यायचा, साचा तपासायचा, कायमच्या साठवणीत लिहायचा, लगेच पोच द्यायची, आणि विचार मग करायचा. यातल्या क्रमाला फार महत्त्व आहे. लिहिण्याआधी पोच दिली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर पाठवणारा निश्चिंत आणि निरोप नाहीसा. कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाणं ही काही दूरची शक्यता नव्हे.

पुन्हा पाठवलेल्या निरोपाचाही बंदोबस्त लागतो. ‘तासाभरात मोठ्या लाटेच्या तीन नोंदी आल्या तर इशारा द्या’ असा नियम आहे असं धरा. एकच नोंद जोडणी तुटल्यामुळे तीनदा आली, तर नियम खरा ठरतो आणि शांत समुद्रावर इशारा निघतो. असे दोन-तीन फुकट इशारे गेले की वस्तीतली माणसं फोनकडे बघायचं सोडतात. ते गमावलेलं लक्ष कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. कॅपमध्ये यावर उपाय आहे. प्रत्येक इशाऱ्याला पाठवणाऱ्याची ओळख, स्वतःचा वेगळा क्रमांक आणि पाठवल्याची वेळ असते. हे तिन्ही जुळले तर निरोप जुनाच आहे असं धरून त्याला पोच द्यायची, पण मोजणीत घ्यायचं नाही.

वेळेबद्दल जास्त सावध राहावं लागतं, आणि भाट्येच्या संदर्भात तर फारच. निरोपात दोन वेळा असतात: घटना घडली ती आणि निरोप आपल्याकडे पोचला ती. नियम पहिल्या वेळेवर चालायला हवेत. जाळं बंद पडून तासाभराच्या नोंदी एकदम आल्या, तर पोचण्याची वेळ धरणाऱ्या प्रणालीला एका मिनिटात समुद्र खवळल्यासारखा वाटेल. शिवाय प्रत्येक वेळेपुढे जागतिक वेळेपासूनचा फरक लिहिलेला हवा, आपल्यासाठी अधिक साडेपाच तास. कॅपने तो लिहिणं सक्तीचं केलं आहे. जागतिक वेळेसाठी सर्रास वापरलं जाणारं ‘झेड’ हे एकाक्षरी चिन्हही तिथे चालत नाही, फरक आकड्यांतच लिहावा लागतो. हा हट्ट का, ते भाट्येच्या मुखाशी उभं राहिलं की कळतं. कोकण किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. कुणी साडेपाच तासांचा फरक लिहायला विसरलं, तर संगणकाच्या लेखी मुखाशी भरपूर पाणी आणि प्रत्यक्षात तिथे वाळू उघडी पडत आलेली. मुंबईच्या कार्यालयात साडेपाच तासांची चूक हजेरीच्या तक्त्यात कुणाच्या तरी लक्षात येईल. इथे ती सुरक्षिततेचं उत्तर नेमकं उलटं करून टाकते.

जागेबाबतही असाच एक सापळा आहे. कॅपमध्ये इशाऱ्याचा प्रदेश बहुभुज आकृतीने देतात. प्रत्येक कोपऱ्याचा अक्षांश आधी आणि रेखांश नंतर, आणि शेवटचा कोपरा पहिल्यावरच येऊन मिटलेला. नकाशांच्या दुसऱ्या एका लोकप्रिय साच्यात, जिओजेसनमध्ये, क्रम उलटा आहे. भाट्ये साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. आकडे उलटे झाले तर आकृती ७३ अंश उत्तर आणि १७ अंश पूर्व इथे जाऊन बसते, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात. साचा तपासणारं सॉफ्टवेअर काहीच तक्रार करणार नाही, कारण दोन्ही आकडे पृथ्वीवरचेच आहेत. यासाठी स्वतःचा एक साधा नियम लिहावा लागतो: रत्नागिरी जिल्ह्याच्या चौकटीबाहेर पडणारी आकृती आत घ्यायची नाही. जगाचं प्रमाण साचा सांभाळतो, गावाचं प्रमाण गावाला लिहावं लागतं.

निरोप खरंच त्याच संस्थेकडून आला आहे का, हेही तपासायला हवं. त्यासाठी २००४ मध्ये आलेली डब्ल्यूएस-सिक्युरिटी ही पद्धत आहे. हेडरमध्ये डिजिटल सही आणि कालमुद्रा जाते. सही पाठवणाऱ्याच्या प्रमाणपत्राशी पडताळली जाते, आणि कालमुद्रा फार जुनी असेल तर पाकीट नाकारलं जातं, म्हणजे कुणी जुना इशारा पकडून पुन्हा पाठवू शकत नाही. याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली लागतात, नाहीतर खरा इशाराही शिळा म्हणून परत जातो. आणि प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपल्यावर आदल्या दिवसापर्यंत बिनबोभाट चालणारी सेवा एकाएकी सगळे निरोप नाकारू लागते. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी आठवण करून देणारा नियम याच इव्हेंट-प्रणालीत बसवावा. स्वतःच्या किल्ल्यांची मुदत हीही एक घटनाच आहे.

निरोप नाकारताना सोप ‘फॉल्ट’ नावाचं उत्तर देतं, आणि त्यात चूक कुणाची हे लिहिलेलं असतं. १.२ आवृत्तीत त्याला ‘सेंडर’ आणि ‘रिसीव्हर’ असे शब्द आहेत. चूक पाठवणाऱ्याची असेल, मजकूरच बिघडलेला असेल, तर तोच निरोप शंभरदा पाठवून उपयोग नाही. तो बाजूला काढून माणसाला दाखवायला हवा. चूक घेणाऱ्याची असेल, समोरची यंत्रणा थकलेली असेल, तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचा, आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवायचा, म्हणजे आधीच दमलेल्यावर सगळ्यांची एकदम झुंबड उडत नाही. हा फरक न करता ‘तीनदा प्रयत्न करा आणि सोडून द्या’ असं सरसकट सेटिंग मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. बिल पाठवणाऱ्या प्रणालीला ते चालून जाईल. वादळाच्या इशाऱ्यात ‘सोडून द्या’ हा पर्याय असूच नये. सोपचा रस्ता बंद असेल तर नियंत्रण कक्षातल्या माणसाचा फोन वाजला पाहिजे.

पण समोरून नकारही आला नाही तर? काहीच आलं नाही तर? बंदरांवर वादळाचे बावटे लावण्याची आपल्याकडची रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. कोलकात्याला १८६४ च्या भीषण चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये तिची सुरुवात झाली. कोकणात ‘तीन नंबरचा बावटा’ सगळ्यांना ठाऊक असतो. बंदरात सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता आहे, असं तो सांगतो. पुढे धोक्याचे आणि महाधोक्याचे क्रमांक चढत दहापर्यंत जातात. त्याच्याही पुढे अकरावा क्रमांक आहे. वादळ-सूचना केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला हवामान बिघडण्याची भीती वाटते, असा त्याचा अर्थ. ज्यांनी ही रीत घडवली त्यांना कळलं होतं की वादळाच्या काळात तार तुटणं हीच मोठी बातमी असते. त्यांनी शांततेला स्वतःचा क्रमांक दिला.

आजच्या प्रणाल्यांत हा अकरावा क्रमांक मुद्दाम बसवावा लागतो, तो आपोआप येत नाही. बहुतेक नियम ‘अमुक आलं तर’ असे लिहिलेले असतात. ‘अमुक यायला हवं होतं आणि आलं नाही’ हा नियम लिहायचा तर प्रत्येक नोंदीबरोबर एक घड्याळ लावावं लागतं. लाटेची नोंद दर अर्ध्या तासाला अपेक्षित असेल, तर पंचेचाळीस मिनिटांनी घड्याळाने हाक मारायला हवी. मोठ्या लाटेतच लाटा मोजणारा तरंगता बोया नांगर तोडून वाहून जाण्याची शक्यता जास्त. म्हणून लाट वाढत असताना आलेली शांतता आणि समुद्र निवांत असताना आलेली शांतता यांना प्रणालीने वेगवेगळं वजन द्यावं. पहिल्या बाबतीत लगेच माणसाला उठवावं, दुसऱ्या बाबतीत सकाळी दुरुस्तीची नोंद पुरे. इव्हेंट प्रोसेसिंगची साधनं हे उत्तम करतात. लकम यांच्यासारख्यांनी या शास्त्रात घटनांइतकंच त्यांच्यातल्या नात्यांना महत्त्व दिलं ते यासाठीच. तरीही प्रत्यक्ष मांडणीत हाच नियम सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण चाचणीच्या टेबलावर बोया कधी वाहून जात नाही.

चाचणीचा विषय निघालाच आहे तर हवाईची घटना सांगायला हवी. २०१८ च्या १३ जानेवारीला सकाळी आठच्या सुमाराला हवाई बेटांवरच्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा झळकला. तो चुकीचा होता. सरावाच्या वेळी खरा इशारा निघून गेला होता, आणि तो खोटा असल्याचा खुलासा फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. कॅपच्या साच्यात यासाठी दोन रकाने आहेत. एकात निरोप खरा, सरावाचा की निव्वळ चाचणीचा ते लिहायचं असतं. दुसऱ्यात तो नवा इशारा आहे, आधीच्यातली सुधारणा आहे की आधीचा रद्द करणारा आहे ते. आपल्या प्रणालीत पहिला रकाना ‘खरा’ नसेल तर निरोप बाहेर जाणारं दारच उघडता कामा नये, आणि हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या आधी चालावा. रद्द करण्याच्या निरोपाची वाट तर इशाऱ्याइतकीच तयार आणि तालीम केलेली हवी. हवाईत नेमकी तीच नव्हती.

तालमीला कोकणात एक सोयीचा काळ मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, माणसं वस्तीत. समुद्र मात्र खवळलेला, म्हणजे नोंदी खऱ्या आणि मोठ्या. या दोन महिन्यांत साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून पाहावी: बोयाच्या नोंदीपासून राजिवड्यातल्या एखाद्या तांडेलाच्या हातातल्या फोनपर्यंत. सोपची पोच आली म्हणजे निरोप समोरच्या संगणकाने घेतला, इतकंच कळतं. तो माणसाला वाचता आला का, हे त्यातून कळत नाही. कॅपमध्ये एकाच इशाऱ्यात वेगवेगळ्या भाषांचे खंड ठेवता येतात. मराठीचा खंड इंग्रजीचं यांत्रिक भाषांतर करून भरू नये. ‘उंच लाटांची शक्यता आहे, योग्य ती दक्षता घ्यावी’ या वाक्याने तांडेलाला काहीच कळत नाही. ‘आज संध्याकाळी पाच ते आठ भाट्येच्या मुखाने आत येऊ नका, भरती लागेपर्यंत बाहेर थांबा किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात जा’ यात त्याला करायची कृती मिळते. असं वाक्य लिहायला प्रणालीपेक्षा मुख ओळखणारी माणसं लागतात.

आणि त्याच माणसांकडून आणखी एक गोष्ट घ्यावी लागते. किती मीटरची लाट आणि मुखाशी किती पाणी, हे नियमातले आकडे. हैदराबादेत बसून ते ठरवता येत नाहीत. मुखाशी वाळू दर पावसाळ्यात सरकते. काजळीला किती पूर आला, समुद्राने किती वाळू लोटली, यावर वाट बदलते, आणि मागच्या वर्षीचा आकडा या वर्षी खोटा ठरतो. तेव्हा हे आकडे नियमात कोरू नयेत. ते वेगळ्या कोष्टकात असावेत, प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही बदलता येतील असे. नारळी पौर्णिमेच्या आधी, पहिली नौका पाण्यात उतरण्यापूर्वी, मुखाची खोली मोजून ते दर वर्षी नव्याने भरावेत, आणि भरलेल्या आकड्याशेजारी तारीख आणि भरणाऱ्याचं नाव असावं. एका वर्षाहून जुनी तारीख दिसली तर प्रणालीने त्या आकड्यावर इशारा देण्याआधी नियंत्रण कक्षाला विचारावं.